बागेसाठी मिनी ट्रॅक्टर, लोडर आणि बॅकहो: घेण्याआधी काय काय तपासायचं

पोफळीच्या (सुपारीच्या) दोन झाडांमध्ये २.७ मीटर अंतर ठेवतात. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, ते यंत्र सव्वादोन मीटरपेक्षा रुंद आणि साडेसात टनांच्या आसपास वजनाचं असतं. ते पोफळींच्या ओळीत शिरलंच, तर बाहेर निघेपर्यंत निम्मी मुळं दाबून ठेवतं. सावंतवाडीपासून खाली गोव्यापर्यंतच्या कुळागरांत (पोफळी-नारळाच्या बागांत), रत्नागिरीच्या उतारावरच्या आंब्याच्या कलमांत, गडग्याने (दगड रचून केलेल्या बांधाने) बांधलेल्या लहान लहान तुकड्यांत हीच अडचण आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत बागायतदार विचारू लागले आहेत, की २०-३० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढे लोडर (माती-खत उचलून नेणारी बकेट) आणि मागे बॅकहो (माती खोदणारा हात) लावून घेतला तर?

माझं उत्तर असं आहे: ट्रॅक्टर घ्या, लोडर बहुतेकांनी घ्यावा, आणि बॅकहो फार थोड्यांनी. कुणी कोणत्या गटात मोडतं हे पुढच्या पायऱ्यांनी ठरवता येईल. घाई करू नका. एक पूर्ण हंगाम कामं बघून मगच शोरूमची पायरी चढा.

पायरी १: वही घ्या आणि वर्षभराची कामं लिहा

एचपीचा विचार अजून बाजूला ठेवा. आधी लिहा की वर्षभरात तुमच्याकडे काय हलतं, किती हलतं आणि किती वेळा. शेणखताच्या किती गाड्या येतात आणि झाडांपर्यंत ते पाट्यांनी नेण्यात किती दिवस जातात. बांधकामाचे चिरे (जांभा दगडाचे ठोकळे) किती लागतात. दर मेमध्ये पऱ्याचा (ओढ्याचा) आणि पाटाचा गाळ किती निघतो. पावसात गडगा कोसळतो का, रस्त्याची खडी वाहून जाते का. नवीन कलमं किती लावायची आहेत.

प्रत्येक कामापुढे वजन लिहा. भिजलेली लाल माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या जवळपास भरते. एक जांभ्याचा चिरा साधारण २५-३० किलोचा, म्हणजे दहा चिऱ्यांत अडीचशे किलोच्या पुढे. आंब्याचा किंवा नारळाचा एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढायचा म्हणजे एक घनमीटर माती, पावणेदोन टन. काजूला ६० सेंटीमीटरचा खड्डा चालतो. त्यात माती जेमतेम पाव घनमीटर, आणि तो दोन माणसं कुदळ-फावड्याने काढू शकतात. फक्त काजू लावणाऱ्याने बॅकहोचा विचार इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

वही भरली की बहुतेकांना एक गोष्ट दिसते. उचलून नेण्याची कामं दर आठवड्याला येतात, खोदण्याची वर्षातून चार-सहा दिवस. आपल्या मनात मात्र खोदणं मोठं असतं, कारण त्यासाठी जेसीबीवाल्याची वाट पाहावी लागते.

पायरी २: जमिनीत पहार मारून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. बागेत वीस-पंचवीस ठिकाणी, उतारावर आणि सपाटीला, पहार मारा. एप्रिलमध्ये एकदा मारा आणि जुलैमध्ये पुन्हा. फूटभर गेल्यावर पहार खणखणली तर खाली कातळ आहे. लहान बॅकहोचा दात तिथे नुसता घासतो, त्याचे आधारपाय उचलले जातात, ट्रॅक्टर मागेपुढे सरकतो आणि पिना वाकतात. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) बागेत खडक फोडणारा ब्रेकर लावलेलं मोठं यंत्रच हवं, नाहीतर सुरुंग. याला तिसरा उपाय नाही.

पहार अडीच-तीन फूट सहज गेली, तर लहान बॅकहो चालेल. नदीकाठची, पऱ्याकाठची गाळाची जमीन, पूर्वीची भातखाचरं, भर टाकलेली जागा इथे त्याचं काम उत्तम होतं. फुटाची बकेट साधारण एका घनफुटाच्या आसपास माती उचलते. म्हणजे मीटरभराच्या खड्ड्याला तीस-चाळीस बकेटा, सरावाच्या हाताला वीस मिनिटं ते अर्धा तास. मजुरांच्या तुलनेत हे झकास आहे, मोठ्या जेसीबीच्या तुलनेत बरंच सावकाश.

पायरी ३: टेप घेऊन बागेत फिरा

सर्वांत अरुंद फाटक, पाखाडीचं वळण, साकव, पंपघराशेजारचा बोळ, सगळं मोजा. मिनी ट्रॅक्टर ३ ते ४ फूट रुंद असतो. पण लोडरची बकेट टायरांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी रुंदच लागते, नाहीतर चाकं न सरकवलेल्या मातीवर चढतात. आणि लोडर लावला की लांबी चार-पाच फुटांनी वाढते. रुंदीत बसणारं यंत्र वळणावर अडकतं ते यामुळे. बॅकहोचे दोन आधारपाय बाजूला पसरतात, तेही मोजा. बूम (बॅकहोचा लांब हात) फिरवून माती बाजूला टाकायलाही जागा हवी. पोफळींच्या ओळीत ट्रॅक्टर जाईल, लोडर जाईल, पण बॅकहोला माती टाकायला जागा मिळत नाही.

उतारही मोजा. बांबूची काठी आणि पाणसळीची नळी पुरते. दहा फूट आडव्या अंतरात दोन फुटांपेक्षा जास्त उतार असेल, तर भरलेली बकेट घेऊन मी तिथे जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नये.

पायरी ४: ट्रॅक्टर निवडताना एचपी शेवटी बघा

बाजारात या गटात पर्याय भरपूर आहेत. महिंद्रा जिवो २४५ डीआय २४ एचपीचा, कुबोटा निओस्टार बी२४४१ हा २४ आणि बी२७४१ हा २७ एचपीचा, जॉन डिअर ३०२८ ईएन २८ एचपीचा, स्वराज टार्गेट ६३० हा २९ एचपीचा. व्हीएसटी आणि सोनालिकाचीही मॉडेल्स आहेत. फवारणी आणि रोटाव्हेटरसाठी यातले सगळे चांगले. लोडरसाठी निवडताना निकष वेगळे लागतात.

पहिला निकष फोर व्हील ड्राइव्ह. टू व्हील ड्राइव्हवर लोडर लावू नका, स्वस्तात मिळत असला तरी. कारण पुढच्या पायरीतल्या गणितात आहे.

दुसरा निकष पुढचा ॲक्सल. त्यावर जास्तीत जास्त किती वजन चालतं हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर छापील कागदावर मागा. तोंडी उत्तर घेऊ नका. पुढच्या टायरच्या बाजूवर भार सहन करण्याचा आकडा असतो, तोही वाचा.

तिसरा, पॉवर स्टिअरिंग. भरलेल्या बकेटसकट साधं स्टिअरिंग दिवसभर फिरवणं खांद्यांना झेपत नाही.

चौथा, क्लच आणि गिअर. लोडरचं काम म्हणजे तासाला शंभर वेळा पुढे-मागे. आपल्याकडच्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत साधा गिअर आणि क्लच असतो, त्यामुळे क्लच प्लेट लवकर झिजते. पुढचा आणि मागचा गिअर एकाच सरळ रेषेत, एका हाताने, न अडखळता पडतो का हे शोरूममध्ये बसून पन्नास वेळा करून बघा. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

पाचवा, हायड्रॉलिक. मिनी ट्रॅक्टरचा पंप मुळात मागची लिफ्ट उचलण्यासाठी दिलेला असतो. दाबाने ताकद मिळते, तेलाच्या प्रवाहाने वेग. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला १५० बारचा दाब मिळाला तर तो सुमारे तीन टनांचा धक्का देतो, म्हणजे ताकद कमी पडत नाही. कमी पडतो तो प्रवाह. लिटर प्रति मिनिट हा आकडा विचारा. लोडर मूळ पंपावर चालतो, थोडा सावकाश. बॅकहोसाठी मात्र पीटीओवर (अवजारं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) चालणारा वेगळा पंप आणि वेगळी तेलाची टाकी असलेली रचनाच घ्या, नाहीतर तासाभरात तेल तापून सगळं मंदावतं.

इथे एका आकड्याने खूप जणांची फसगत होते. माहितीपत्रकात ‘उचल क्षमता ७५० किलो’ असं लिहिलेलं असतं, आणि जिवो २४५ किंवा निओस्टारला ते खरंही आहे. पण ती क्षमता मागच्या लिंकेजची (अवजार जोडून उचलणाऱ्या लिफ्टच्या दांड्यांची) आहे, पुढच्या लोडरची नाही. अमेरिकेत कुबोटाचा बीएक्स२३एस नावाचा ट्रॅक्टर लोडर आणि बॅकहोसकट कंपनीच तयार करून विकते. एकवीस-बावीस एचपीचं यंत्र, सगळी चौकट मुळापासून त्यासाठीच आखलेली. त्याचा लोडर पूर्ण उंचीवर सुमारे ३३५ किलो उचलतो आणि बॅकहो १.८५ मीटरच्या आसपास खोल जातो. कारखान्यात आखलेल्या यंत्राची जर ही मर्यादा असेल, तर वर्कशॉपमध्ये बसवलेला लोडर तेवढ्याच ट्रॅक्टरवर ८०० किलो उचलतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ५: लोडरचं गणित स्वतः करा

कागदावर करून बघू. समजा ट्रॅक्टर ९०० किलोचा. त्यातले ३६० किलो पुढच्या चाकांवर, ५४० मागच्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. लोडरचं स्वतःचं वजन २२० किलो, त्याचा भार पुढच्या ॲक्सलच्या एक फूट पुढे येतो. बकेटमध्ये दहा चिरे, २५० किलो, ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे. तरफेच्या हिशेबाने मागच्या चाकांवरचं वजन साधारण २४५ किलोने हलकं होतं आणि २९५ वर येतं. पुढच्या ॲक्सलवर मात्र जवळजवळ १,०७५ किलो येतात. आधी ३६० होते, म्हणजे तिप्पट.

या एका गणितात लोडरच्या सगळ्या अडचणी आहेत. पुढचा ॲक्सल तुटतो, किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) झिजतात, टायर फुटतात ते यामुळे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक मागच्या चाकांना असतात. उतारावर भरलेली बकेट पुढे घेऊन उतरताना मागची चाकं हलकी झालेली असतात, ब्रेक दाबला की ती जागच्या जागी थांबून घसरतात आणि ट्रॅक्टर खाली सुटतो. फोर व्हील ड्राइव्ह चालू असेल तर पुढची चाकंही गिअरला बांधलेली राहतात आणि ब्रेकचा जोर त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणून उतारावर लोडर वापरताना फोर व्हील चालूच हवं, कोरडं असो की ओलं.

आता मागच्या लिंकेजला २५० किलोची सिमेंटची पेटी लावा, ॲक्सलच्या ९० सेंटीमीटर मागे. पुढचा भार १५० किलोने उतरतो, मागचा ४०० किलोने वाढतो. इतक्या स्वस्तात यंत्राचं आयुष्य वाढवणारं दुसरं काही नाही. जुन्या पिंपात सळ्या घालून काँक्रीट ओता, वरच्या आणि खालच्या पिनांसाठी आधी लोखंडी कान वेल्ड करून घ्या. मागच्या टायरांत पाणी भरूनही वजन वाढवता येतं आणि ते खाली राहत असल्याने उतारावर चांगलं. पण त्याने पुढच्या ॲक्सलचा भार हलका होत नाही, त्यामुळे पेटी हवीच.

बसवण्याची पद्धत बघताना वाकून खाली बघा. लोडरचे खांब कुठे बोल्ट केले आहेत? ते नुसते पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटवर किंवा इंजिनच्या कडेच्या बोल्टवर टेकलेले असतील तर घेऊ नका. दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या मागच्या ॲक्सलच्या घरापर्यंत (लोखंडी कवचापर्यंत) गेलेल्या हव्यात, म्हणजे धक्का सगळ्या अंगात वाटला जातो. माझ्या पहिल्या लोडरला अशा पट्ट्या नव्हत्या. दुसऱ्याच पावसाळ्यात गाळ काढताना डाव्या बाजूचे दोन बोल्ट तुटले आणि बकेट वाकडी होऊन खाली आली. जवळ कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. नंतर पट्ट्या घालून घेतल्या. तो खर्च आधीच केला असता तर महिनाभराचं काम अडलं नसतं.

बकेट मोठी घेण्याचा मोह टाळा. चार फुटांची बकेट शिगोशीग ओल्या मातीने भरली तर तीनशे किलोच्या आसपास जाते. शेणखत हलकं असतं, त्यासाठी ती पुरते. मोठी बकेट घेतली की गडी ती मातीनेही भरणारच.

पायरी ६: बॅकहो घ्यायचाच असेल तर

बॅकहो दोन प्रकारे बसवतात. एक, मागच्या तीन पॉइंटच्या लिंकेजवर, रोटाव्हेटरसारखा. दोन, ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी चौकटीवर. पहिला प्रकार स्वस्त आणि जोडायला सोपा आहे, पण तो मी कुणालाही सुचवणार नाही. लिंकेज वर उचलण्यासाठी असतं, ते वरच्या दिशेला मोकळं असतं. बकेटचा दात दगडात किंवा मुळीत अडकला आणि वरून जोर लावला, की सगळा बॅकहो सीटसकट पुढे उसळतो आणि चालक रोलबार (सीटमागची संरक्षक कमान) व बूम यांच्यामध्ये दाबला जातो. ट्रॅक्टरचं लोखंडी कवच मधून तडकण्याचा धोका वेगळाच. चौकटीवरच्या बॅकहोचा जोर चौकटीत जातो, माणसावर येत नाही. चौकट बसवून मिळत नसेल तर बॅकहो नको. या एका मुद्द्यावर तडजोड करू नका.

बॅकहोचं वजन तीन-चारशे किलो असतं आणि ते सगळं मागे टांगलेलं. पुढे लोडर असेल तरच समतोल राहतो. म्हणून आधी बॅकहो घेऊ, लोडर पुढच्या वर्षी, असं होत नाही. दोन्ही एकमेकांची वजनं आहेत.

पैशाचं गणितही करा. गावातला जेसीबीचा तासाचा दर तुम्हाला ठाऊक आहे. समजा तो १,३०० रुपये धरला आणि वर्षाला ३० तास लागतात, तर वर्षाचे ३९,००० झाले. बॅकहो चौकटीसकट अडीच लाखांना पडतो असं धरलं, तर तो भरून यायला सहा वर्षांहून जास्त लागतात. त्यात डिझेल, तेल, पाइप आणि तुमचा वेळ अजून धरलेलाच नाही, आणि जेसीबीचं एका तासाचं काम लहान यंत्राला तीन-चार तास घेतं. तुमचे खरे आकडे घालून बघा. माझ्या मते ज्याच्याकडे मऊ जमीन आहे, दर वर्षी पाट आणि पाइपलाइनचे चर काढावे लागतात, आणि बागेत जेसीबी पोचतच नाही, त्यानेच बॅकहो घ्यावा. बाकीच्यांनी तीन शेजारी मिळून मेमध्ये एकदा जेसीबी सांगावा आणि उरलेल्या पैशात चांगली ट्रॉली आणि ग्रासकटर घ्यावा.

पायरी ७: कागद

यावर फार लिहीत नाही, पण सोडू नका. अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती पत्र हातात आल्यानंतरच खरेदी करा, आधी केलेली खरेदी धरत नाहीत. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला असतो. त्यावर कायमची जोडणी करताना आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, लेखी घ्या. लोडर बसवल्याने गॅरंटी जाते का, हेही ट्रॅक्टर कंपनीकडून लेखी घ्या. स्वतःच्या बागेतली माती-मुरूम बाहेर न्यायची असेल, तर तहसील कार्यालयात गौण खनिजाचं विचारल्याशिवाय नेऊ नका.

पायरी ८: प्रात्यक्षिक तुमच्याच बागेत

शोरूमच्या सपाट अंगणात सगळीच यंत्रं चांगली चालतात. विक्रेत्याला बागेत बोलवा, डिझेलचे पैसे तुम्ही द्या. दहा चिरे मोजून बकेटमध्ये ठेवा आणि मागे सिमेंटची पेटी न लावता, मग पेटी लावून, असा दोन वेळा उतार चढून-उतरून बघा. उतरताना बकेट जमिनीपासून फूटभरच वर हवी. बकेट उंच धरून चालवणाऱ्याला तिथेच थांबवा, ट्रॅक्टर आडवा पडण्याचं तेच कारण असतं. वर विजेच्या तारा कुठून जातात हेही त्याच फेरीत बघून ठेवा, उचललेला लोडर आणि बूम आपल्या अंदाजापेक्षा उंच जातात.

मग भरलेली बकेट गुडघाभर उंचीवर थांबवा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं चहा प्या. बोटभर खाली आली तर चालेल, वीतभर आली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. जुनं यंत्र घेत असाल तर बकेटचं टोक हाताने वर-खाली हलवून पिनांमध्ये किती खेळ आहे ते बघा. वेल्डिंगच्या कडेला रंग नवा दिसला तर खाली तडा भरलेला असू शकतो, तो खरवडून बघू द्या असं सांगा.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या दहा तासांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर दर पन्नास तासांनी. पिनांना रोज ग्रीस, चिखलात काम केलं असेल तर संध्याकाळीही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा, त्यामुळे सिलिंडरचा चकचकीत दांडा बाहेर राहिला तर एका पावसाळ्यात त्याला खड्डे पडतात आणि ते खड्डे सील कापतात. जूनमध्ये यंत्र उभं करताना बकेट जमिनीला टेकवा, जेवढे दांडे आत जातील तेवढे आत घ्या, उरलेल्यांना ग्रीस फासा. आणि ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दिवशी अर्धा तास चालू करून लोडर चार वेळा वर-खाली करा.